स्विच आपला, किल्ली त्यांची

२०२४ च्या पावसाळ्यातली गोष्ट. मित्राचं कोथरूडला छोटं ऑफिस आहे, वीसेक माणसं. शनिवारी सकाळी त्याचा फोन. "अरे, रस्ता खोदताना फायबर तोडली. दुसऱ्या कंपनीची लाइन आहे, पण ती चालूच होत नाहीये. येतोस का?"

गेलो. काम पाच मिनिटांचं. दुसरी लाइन ज्या पोर्टला होती त्याचा व्हीलॅन बदलायचा, बस्स. पण स्विच क्लाउडवाला! सेटिंग बदलायचं तर स्विचला इंटरनेट हवं, आणि इंटरनेट यायला सेटिंग बदलायला हवं. आता बोला! माझ्या लॅपटॉपला मोबाइलचं नेट होतं, पण त्याचा स्विचला काय उपयोग? शेवटी दुसऱ्या लाइनपासून राऊटरपर्यंत तीस मीटर केबल पॅसेजमधून उघडी टाकली आणि वर चिकटपट्टी मारली.

सप्लायरला विचारलं, स्टँडअलोन मोडवर का नाही ठेवला? तर म्हणे, "सर, ते जुनं झालं. हल्ली सगळं ॲपवरून." अरे, पण एका मजल्यावर एक स्विच आणि तीन ॲक्सेस पॉइंट! तिथे ॲपवरून बघायचं काय?

माझा क्लाउडवर राग नाही. चाळीस शाखा असतील आणि प्रत्येक शाखेत नेटवर्कवाला माणूस नसेल, तर क्लाउडच घ्या. चाळीस ठिकाणी लॉगिन करत बसणं हा शुद्ध मूर्खपणा आहे. पण त्याची किंमत आधी सांगा की राव. मेराकीचं बघा. को-टर्मिनेशन पद्धतीत परवाना संपला की ३० दिवसांची सवलत, आणि त्यानंतरही पैसे भरले नाहीत तर धडधाकट डबा काम करणं थांबवतो. विकत घेतलेला डबा बरं का, भाड्याचा नव्हे. गूगलचा ऑनहब राऊटर २०१५ साली आला आणि ११ जानेवारी २०२३ ला त्याचा सपोर्ट संपला. वायफाय येत राहिलं, पण ॲपमधून नाव किंवा पासवर्ड बदलायची सोय गेली. हार्डवेअरला काहीही झालं नव्हतं!

आणि "नंतर बदलू की" हेही तितकं सोपं नाही. टीपी-लिंकच्या ओमाडात ॲक्सेस पॉइंट एकदा कंट्रोलरने ताब्यात घेतला की त्याच्या स्वतःच्या वेबपेजवरून सेटिंग करता येत नाही. परत स्टँडअलोन करायचा तर रीसेट, आणि सगळं पहिल्यापासून. एकत्र कारभारच हवा असेल तर ओमाडा काय, युनिफाय काय, दोघांचेही कंट्रोलर आपल्याच मशीनवर फुकट चालवता येतात. पण हे सप्लायर सांगत नाही, कारण त्यात दरवर्षी नूतनीकरणाचं बिल फाडता येत नाही. (माझा संशय हो, पुरावा नाही.)

म्हणून खरेदीआधी डेमो मागा आणि त्याच्यासमोर इंटरनेटची वायर उपटा. मग म्हणा, आता एक पोर्ट बदलून दाखव.

मित्राने नंतर स्विच रीसेट करून स्टँडअलोन केला. ती तीस मीटरची केबल मात्र अजून पॅसेजमध्येच आहे, चिकटपट्टीसकट. काढायला कुणाला वेळ नाही.