मोटारसायकलीचा दम आणि मिस्त्रीची मजुरी

कापडाच्या व्यापाऱ्याने कार्बोरेटरवर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु विट्याच्या मागांवरून गठ्ठे आणून साताऱ्यात विकणाऱ्या आमच्यासारख्याचा निम्मा धंदा मोटारसायकलीच्या चाकांवर चालतो. गाडी अडली की माल अडला, आणि माल अडला की उधारीचे वायदे चुकले.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या दुकानाच्या जुन्या स्प्लेंडरला एक विचित्र खोड लागली. गावात गाडी बिनतक्रार चालायची. कराड ओलांडून महामार्गाला लागले आणि वेग पन्नास-पंचावन्नच्या वर गेला की काही मैलांत तिचा दम तुटायचा. अ‍ॅक्सिलेटर पूर्ण पिळला तरी उपयोग नाही. रस्त्याच्या कडेला पाच मिनिटे थांबले की पुन्हा ठीक. एका गॅरेजवाल्याने गाडीचा नुसता आवाज ऐकून बोअर-पिस्टन गेल्याचे सांगितले. आम्ही ते बदलून घेतले. मग क्लच-प्लेट, त्यानंतर चेन-स्प्रॉकेट. काही हजार रुपये गेले, पण खोड जागच्या जागी.

अखेर सांगलीच्या एका वयस्क मिस्त्रीकडे गाडी नेली. त्यांनी पाना हातात घेण्याआधी प्रश्न विचारले. सावकाश चालवताना त्रास होतो का? थांबल्यावर आपोआप सुधारते का? दम तुटत असताना चोक थोडा ओढून पाहिला का? हा शेवटचा प्रश्न आमच्या मते लाखमोलाचा. चोक ओढल्यावर गाडी सावरली तर पेट्रोल कमी पडते आहे. आणखी बिघडली तर पेट्रोल जास्त होते आहे किंवा हवा कोंडली आहे, म्हणजे आधी एअर फिल्टर पाहावा. आमची गाडी चोक ओढला की सावरत असे. प्लग काढला तर तो पांढुरका निघाला. नीट जळणाऱ्या गाडीचा प्लग विटकरी-तपकिरी असतो.

मग त्यांनी पेट्रोलची नळी काढून बाटलीत सोडली. टाकीचे झाकण बंद असताना धार हळूहळू बारीक होत गेली. झाकण उघडताच पुन्हा जोमाने आली. झाकणात हवा आत जाण्यासाठी एक बारीक छिद्र असते, ते धुळीने बुजले होते. सावकाश चालताना पेट्रोल कमी लागते म्हणून भागत होते. जोरात पळवले की कार्बोरेटरची वाटी रिकामी व्हायची. वाटी उघडल्यावर तळाशी गंजाचा गाळ आणि पाण्याचे थेंब निघाले. मेन-जेटही अर्धा चोंदला होता. तो त्यांनी तारेने टोचला नाही, पेट्रोलने धुऊन हवेने साफ केला. तारेने छिद्र मोठे होते. काही कंपन्यांच्या जेटवरचा आकडा छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांगतो. तिथे तारेला काय काम? फ्लोटची उंची मोजली, कॉकची जाळी धुतली, आणि झाले. ज्या हवेच्या स्क्रूशी प्रत्येक गॅरेजात पोरे खेळत बसतात त्याला त्यांनी हातही लावला नाही. तो स्क्रू गाडी जागेवर उभी असतानाची चाल सांभाळतो, पूर्ण वेगाशी त्याचा संबंध जवळजवळ नाही.

मजुरी मागितली दीडशे रुपये. आणि सांगायला शरम वाटते, आम्ही घासाघीस करून शंभर दिले. पिस्टनच्या हजारांवर आम्ही तोंड उघडले नव्हते. कारण पिस्टन डोळ्यांना दिसतो, डब्यात येतो. अक्कल डब्यात येत नाही.

आमचे म्हणणे हेच आहे. गिऱ्हाईक सुट्या भागाचे पैसे निमूट देते आणि तपासणीचे नाकारते, म्हणून मिस्त्रीही भाग बदलायला शिकतो. दोष एकट्या मिस्त्रीचा नाही. आमच्याच धंद्यात पाहा, पाव मीटर कापड वाचवून बेतणाऱ्या शिंप्याला त्या पाव मीटरचे कोण देतो?

आता तर ही अक्कल अधिकच लागणार आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर जवळपास गेलाच. परंतु फेरीवाल्यांच्या, दूधवाल्यांच्या जुन्या गाड्या रस्त्यावर आहेतच. त्यात २०२५ पर्यंत पंपांवर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल देशभर पोचले. आमच्या दोन्ही जिल्ह्यांतल्या साखर कारखान्यांना त्याचा फायदा आहे, तो आम्ही नाकारत नाही. पण इथेनॉल पाणी ओढते, जुन्या रबराला आणि वॉशरांना बाधते, आणि त्यात प्राणवायू असल्याने जुन्या मापाच्या जेटला पेट्रोल तोकडे पडू शकते. उलट महाबळेश्वरसारख्या सुमारे साडेतेराशे मीटर उंचीवर हवा विरळ, तिथे तीच गाडी काळा धूर काढेल. साताऱ्याच्या पावसात महिनाभर उभी ठेवायची गाडी असेल तर वाटीतले पेट्रोल काढून ठेवावे.

कारागीर बंधूंना विनंती की तपासणीची मजुरी फळ्यावर वेगळी लिहा, जेट बदलला तर जुना-नवा आकडा पावतीवर टाका आणि काढलेला भाग गिऱ्हाइकाच्या हाती द्या. शागीर्दांना इंग्रजी पुस्तिका वाचता येत नाही, ही सबब आम्ही उर्दू शाळेत शिकलेलो असल्याने चांगली ओळखतो. पण आकडे कोणत्याही भाषेत तेच असतात. इंजेक्शनच्या गाड्यांची तालीमही त्यांनी आजच घ्यावी.

आमच्या दुकानाच्या दोन गाड्या आहेत. यापुढे त्या गॅरेजात जातील तेव्हा तपासणीची मजुरी आधी ठरवून जातील. सांगलीचे पन्नास रुपये अजून द्यायचे आहेत.