रेषा आपली, मालकी कोणाची?

आपल्या मुलामुलींनी डॉक्टर व्हावे, इंजिनिअर व्हावे, निदान सरकारी नोकरीत तरी लागावे, ही मातापित्यांची इच्छा रास्त आहे. ज्यांच्या पूर्वजांना शाळेची पायरी चढू दिली गेली नाही, त्यांनी स्थिर उत्पन्नाचा मार्ग प्रथम पाहावा यात गैर काहीच नाही. परंतु पुण्यातील आपल्या कित्येक घरांत आता एक नवा प्रश्न उभा राहू लागला आहे. बारावी झालेली मुलगी म्हणते, “मला डिझाइन शिकायचे आहे. संगणकावर चित्रे काढायची, पात्रे घडवायची.” वडील विचारतात, “बाई, चित्रे काढून पोट भरते काय?” वडिलांचा प्रश्न योग्यच आहे. पण त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारला गेला पाहिजे, आणि तो सहसा कोणी विचारीत नाही. तिने घडविलेले पात्र कोणाच्या मालकीचे होणार? वकिलीच्या व्यवसायातील मनुष्य म्हणून मला याच प्रश्नाकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे.

प्रथम ही विद्या काय आहे ते समजून घेऊ. विद्यार्थी जिला ‘डिजिटल इलस्ट्रेशन’ म्हणतात तीत कागदाच्या जागी पडदा असतो व पेन्सिलीच्या जागी दाब ओळखणारी लेखणी. हात जड पडला की रेषा जाड होते, हलका पडला की बारीक. चित्र थराथरांनी तयार होते. तळाशी कच्चे रेखाटन, त्यावर पक्की रेषा, त्यावर रंग, त्यावर छाया. एक थर बदलला तरी दुसऱ्याला धक्का लागत नाही. ‘कॅरेक्टर डिझाइन’, म्हणजे पात्ररचना, ही पुढची पायरी. पात्राची बाह्याकृती अशी साधावी लागते की ती नुसत्या काळ्या रंगाने भरली तरी लहान मुलाने ती ओळखावी. मग तेच पात्र समोरून, बाजूने, पाठीमागून काढावयाचे; ते हसताना, रागावताना, भ्यालेले असताना दाखवावयाचे; इतर पात्रांशी त्याच्या उंचीचे प्रमाण ठरवावयाचे. असा तक्ता सिद्ध झाला म्हणजे दहा चित्रकारांनी काढले तरी पात्र तेच राहते. बोधपट, पाठ्यपुस्तके, मुलांची मासिके, मोबाइलवरील खेळ, जाहिराती या सर्वांना असे तक्ते लागतात. तेव्हा हा पोरखेळ नव्हे. हा एक धंदा आहे आणि त्याला शिस्त आहे.

हा धंदा आपल्या शहराला परकाही नाही. प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली कोल्हापुरातून पुण्यास आली आणि १९३४ साली तिने ‘जंबूकाका’ हा चित्रांचा बोलपट काढला. त्याच जागेत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगचित्रपट विभागात डिस्नेच्या संस्थेतील क्लेअर वीक्स हे चित्रकार शिकविण्यास आले आणि १९५७ साली त्या विभागातून ‘बनियन डिअर’ हा बोधपट बाहेर पडला. त्याची कथा जातकातली आहे. गाभण हरिणीच्या जागी स्वतःची मान पुढे करणाऱ्या मृगराजाची ही कथा. चलच्चित्राची कला या देशात नव्याने शिकविली जात असता पहिल्या मोठ्या प्रयत्नासाठी बुद्धाच्या परंपरेतील कथा निवडली जावी, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्याही मागे जावयाचे तर अजिंठ्याची भिंत आहे. तेथे एकच पात्र एका भिंतीवर अनेक प्रसंगांत पुनःपुन्हा येते आणि पाहणारा त्याला ओळखतो. तेथील राजवाड्यांतील माणसे गोरी आहेत, तशीच सावळी व काळीही आहेत. ज्या चित्रकारांनी हे केले त्यांची नावे मात्र आपणांस ठाऊक नाहीत.

चित्रातील पात्र म्हणजे निरुपद्रवी करमणूक, असे ज्यांना वाटते त्यांनी एक इतिहास आठवावा. १९४९ साली शंकर यांनी एक व्यंगचित्र काढले. त्यात संविधान ही गोगलगाय, तिच्यावर बसलेले बाबासाहेब आणि मागे चाबूक उगारलेले पंडित नेहरू. तेच चित्र पुढे अकरावीच्या पाठ्यपुस्तकात आले आणि २०१२ साली त्यावरून संसदेत वादळ उठले. त्या वेळी पुणे विद्यापीठात प्रा. सुहास पळशीकर यांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. त्या मोडतोडीचे समर्थन मी करणार नाही. खुर्च्या मोडल्याने रेषा पुसली जात नाही, आणि संविधानाच्या शिल्पकारावरील प्रेम बेकायदा कृत्याने सिद्ध होत नाही. पण दुःख खोटे नव्हते. उन्नमती श्याम सुंदर यांनी १९३२ ते १९४८ या काळातील, बाबासाहेबांवरील इंग्रजी वृत्तपत्रांमधल्या व्यंगचित्रांचा संग्रह २०१९ साली ‘नो लाफिंग मॅटर’ या नावाने प्रसिद्ध केला. तो पाहिला म्हणजे कळते की बाबासाहेब कसे दिसावेत, किती ठेंगणे दिसावेत, हे त्या काळी ज्यांनी ठरविले त्यांत आपला मनुष्य नव्हता. लेखणी व कुंचला दोन्ही दुसऱ्यांच्या हाती होते. आज आपली मुलगी ती लेखणी हाती घेऊ पाहत आहे. तिला घराने अडवू नये, हे माझे पहिले म्हणणे.

आता दुसरे म्हणणे, जे अधिक महत्त्वाचे आहे. लेखणी हाती आली म्हणजे हक्कही आला, असे होत नाही. अमेरिकेतील जेरी सिगेल व जो शुस्टर या दोन तरुणांनी ‘सुपरमॅन’ हे पात्र निर्माण केले. १९३८ साली त्यांनी त्याचे सर्व हक्क १३० डॉलरना लिहून दिले. त्या पात्राने पुढे अपार धन मिळविले, ते कंपनीला. १९७५ साली, लोकांनी ओरड केल्यावर, कंपनीने त्या दोघांना वार्षिक २०,००० डॉलरचे निवृत्तिवेतन दिले व पात्राबरोबर त्यांचे नाव छापण्याचे मान्य केले. सदतीस वर्षांनी मिळालेला हा तुकडा हक्क म्हणून आला नाही, मेहेरबानी म्हणून आला.

मेहेरबानीवर जगणे काय असते, हे आपल्याइतके कोणास ठाऊक असणार? गावगाड्यात काम ठरलेले नव्हते, वेळ ठरलेली नव्हती, मोबदलाही ठरलेला नव्हता. खळ्यावर जे पडेल ते बलुते. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनासंबंधी बिल आणले, ते ही अनिश्चितता मोडण्यासाठीच. आता समजा, येरवड्याच्या एका विद्यार्थिनीने एखाद्या शिकवणी वर्गासाठी दोन हजार रुपयांत एक गोड पात्र काढून दिले. बोलणी सारी मोबाइलवर, कागद काहीच नाही. वर्षभरात ते पात्र वह्यांवर, दप्तरांवर, शहरभरच्या फलकांवर दिसू लागले आणि तिने विचारले तेव्हा उत्तर मिळाले, “पैसे दिले ना तुला?” हे पडद्यावरचे बलुतेच झाले.

कायदा काय म्हणतो ते पाहू. कॉपीराइट कायदा, १९५७ याच्या कलम १७ प्रमाणे कलाकृतीचा पहिला मालक तिचा कर्ता होय. परंतु त्याला अपवाद आहेत. नोकरीच्या किंवा शिकाऊ उमेदवारीच्या कराराखाली काम करताना काढलेल्या चित्राची मालकी, विरुद्ध करार नसेल तर, मालकाकडे जाते. ज्याला मुले ‘इंटर्नशिप’ म्हणतात तिच्या कागदावर सही करण्यापूर्वी हे वाक्य घरात मोठ्याने वाचावे. दुसरा अपवाद असा की, पैसे घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेले रंगचित्र वा व्यक्तिचित्र, करार नसेल तर, सांगणाऱ्याच्या मालकीचे होते. रेखाचित्राचा त्यात उल्लेख नाही. मग संगणकावरचे पात्र हे रेखाचित्र की रंगचित्र? असा वाद न्यायालयात घालण्यापेक्षा दोन ओळींचा करार आधी करणे शहाणपणाचे.

हक्क विकावयाचेच असतील तर कलम १९ चित्रकाराच्या बाजूने उभे आहे. हस्तांतर लेखी हवे व त्यावर हक्क देणाऱ्याची सही हवी. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते; प्रदेश लिहिला नसेल तर हक्क भारतापुरताच धरला जातो. म्हणूनच छापील करारांत ‘कायमस्वरूपी’ व ‘जगभर’ हे दोन शब्द हटकून असतात. ते शब्द दिसले की थांबावे आणि त्यांची किंमत वेगळी मागावी. याहून मोठे संरक्षण कलम ५७ मध्ये आहे. हक्क विकले तरी, हे चित्र माझे आहे असे सांगण्याचा अधिकार कर्त्याजवळ राहतो आणि त्याच्या प्रतिष्ठेला बाध येईल अशी मोडतोड झाल्यास दाद मागता येते. तुमच्या मुलीने सावळ्या, ताठ मानेच्या मुलीला नायिका केले आणि घेणाऱ्याने तिला गोरी करून भलत्याच जाहिरातीत उभी केली, तर दाद मागण्याचा पाया या कलमात आहे. मालकी हा केवळ पैशाचा प्रश्न नाही. आपले पात्र कसे दिसेल व काय बोलेल हे ठरविणारा कोण, याचाही तो प्रश्न आहे.

न्यायालयेही या बाबतीत मुकी राहिलेली नाहीत. केरळमधील व्यंगचित्रकार टॉम्स यांनी ‘बोबन आणि मोली’ ही भावंडांची जोडी निर्माण केली. पुढे ते ‘मलयाळ मनोरमा’च्या नोकरीत असता ती अतिशय लोकप्रिय झाली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी नोकरी सोडली तेव्हा ही पात्रे कोणाची, असा वाद केरळ उच्च न्यायालयात गेला. नोकरीपूर्वीच जन्मलेली ही पात्रे पुढे काढीत राहण्यास न्यायालयाने टॉम्स यांना मोकळे ठेवले. यातून विद्यार्थ्यांनी धडा घ्यावा तो असा: पात्र केव्हा जन्मले हे दाखविता आले पाहिजे. कच्ची रेखाटने फेकू नयेत. वहीच्या पानावर तारीख व सही घालावी. संगणकावर थर वेगळे ठेवलेली मूळ फाइल जपावी. नोंदणी सक्तीची नाही, परंतु महत्त्वाच्या पात्राची करून ठेवणे हिताचे. आता शब्द सांगताच यंत्र चित्र काढून देते. अशा दिवसांत ही रेखाटने म्हणजे मनुष्याच्या श्रमाचा साक्षीदार होत.

कोणी म्हणेल, “वकीलसाहेब, नवशिक्या पोरीने करार मागितला तर तिला काम कोण देणार?” शंका खरी आहे. काही कामे जातीलही. परंतु करार म्हणजे मुद्रांकाचा कागदच असे नाही. काम हाती घेण्यापूर्वी एक पत्र वा ई-मेल पाठवावे: चित्र कशासाठी, किती काळ, कोठे वापरणार, मोबदला किती व केव्हा, नाव छापणार की नाही. त्याला होकार आला की पुढचा निम्मा तंटा मिटतो. जो एवढेही लिहून देण्यास तयार नाही, त्याच्या मनात काय आहे हे काम करण्यापूर्वीच कळले, हाही लाभच म्हणावयाचा.

राहिला खर्चाचा प्रश्न. आरंभी महागडी सामग्री नको. ‘क्रिटा’ हे चित्रकलेचे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते आणि साधा पेन-टॅब्लेट शिकण्यास पुरतो. शाळेत असतानाच एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा द्याव्यात. पुण्यात टिळक रस्त्यावर अभिनव कला महाविद्यालय आहे. शासकीय कला महाविद्यालये मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. खासगी डिझाइन संस्थांचे शुल्क फार मोठे असते. तेथे शिष्यवृत्ती लागू आहे काय, हे प्रवेशापूर्वी लेखी विचारून घ्यावे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. नवदीक्षित कुटुंबांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. १९९० च्या दुरुस्तीमुळे बौद्धांनाही अनुसूचित जातींचे केंद्रीय हक्क मिळाले आहेत. परंतु त्यासाठी मूळ जातीचा पुरावा लागतो. धर्म बदलला म्हणून जुने दाखले फाडून टाकू नका.

बाबासाहेबांनी १९२० साली ‘मूकनायक’ काढले आणि पुढे स्वतःचा छापखानाही उभारला. दुसऱ्याच्या छापखान्यात आपला शब्द किती दिवस सुरक्षित राहणार, हे त्यांनी ओळखले होते. आज छापखान्याची जागा पडद्याने घेतली आहे, पण प्रश्न तोच आहे. म्हणून माझी पालकांना विनंती आहे की, मुलीने लेखणी मागितली तर ती द्या आणि त्याच दिवशी तिला एक जाड वही द्या. तीत तिने प्रत्येक पात्राची जन्मतारीख लिहावी, प्रत्येक कामाचा मोबदला लिहावा, आणि कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी तो घरात, विहारात वा ओळखीच्या वकिलाजवळ वाचून घ्यावा. आपल्या बहुतेक वस्त्यांत आता एखादा तरी वकील आहे. त्याचे दार ठोठावण्यास संकोच करू नका.