घोड्याची उंची : इंच, हात आणि भीमथडी तट्टू

बारामती व इंदापूर या तालुक्यांत, भीमा आणि नीरा यांच्या काठाने ज्या तट्टांची पैदास होत आली, ती भीमथडी या नावाने सर्वश्रुत आहेत. धनगर कुटुंबे मेंढरांमागे रानोमाळ हिंडतात, तेव्हा बिऱ्हाडाचे ओझे आजही याच तट्टांच्या पाठीवर असते. परंतु उंची सांगण्याची वेळ आली म्हणजे मालक, गिऱ्हाईक आणि कार्यकर्ता असे तिघे तीन आकडे सांगतात. हे इष्ट नव्हे.

घोटाळ्याचे मूळ ‘हात’ या शब्दातच आहे. महाराष्ट्रात हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर, सुमारे 18 इंच. घोड्याच्या बाजारातील हात इंग्रजी चालीचा. तो पंजाच्या रुंदीवरून निघाला असून त्याचे 4 इंच ठरलेले आहेत. गावच्या हाताने मोजू गेल्यास तेरा हातांचे तट्टू माळवदाच्याही वर जाईल!

इंचांना 4 ने भागावे. भागाकार म्हणजे हात आणि बाकी म्हणजे इंच. 53 इंच भरल्यास 13 हात 1 इंच, आणि ते 13.1 असे लिहितात. येथे शिकलेली माणसेही फसतात. ते टिंब दशांशाचे नव्हे. त्याच्यापुढे 0, 1, 2 अथवा 3 एवढेच अंक येऊ शकतात. साडेतेरा हात म्हणजे 54 इंच, ते 13.2 असे लिहावयाचे. कोणी 13.5 असा आकडा सांगितला, तर त्याला हिशेब उमगलेला नाही असे खुशाल समजावे.

माप मानेच्या मुळाशी, दोन्ही खांद्यांमधील उंचवट्यापासून सरळ जमिनीपर्यंत घ्यावे. जागा सपाट असावी आणि जनावर चारही पायांवर सारखे उभे असावे. उभ्या काठीला काटकोनात आडवी पट्टी लावून मोजावे. अंगावरून फीत सोडल्यास ती पोटाच्या गोलाईने जाते आणि उंची फुकट वाढते. नाल असल्यास त्याची जाडी वजा करावी.

एवढा काटेकोरपणा कशाला, असे कोणी विचारील. सारंगखेड्यासारख्या बाजारात उंच घोड्याचा रुबाब मोठा असतो. त्या मोहाने मालक आकडा फुगवितो, किंवा त्याहून वाईट म्हणजे, आपली घोडी उंच परजातीच्या घोड्याला दाखवितो. भीमथडीचे मोल उंचीत नाही. ते काटकपणात आणि ओझे घेऊन दूरवर चालण्यात आहे. आज भीमथडीची स्वतंत्र अश्वजात म्हणून राष्ट्रीय नोंद झालेली असताना, फुगविलेल्या आकड्यांनी या जातीचे खरे रूप कागदावरूनच पुसले जाईल.

देशात 1956 च्या कायद्याने मेट्रिक मापे आली. म्हणून हात बाजारातील बोलण्यापुरता ठेवून दप्तरात सेंटिमीटर लिहावेत हेच योग्य. एक इंच म्हणजे 2.54 सेंटिमीटर, 54 इंचांचे सुमारे 137 होतात. सोबत जनावराचे वय व मोजल्याचा दिनांक अवश्य लिहावा, कारण शिंगराची उंची पुढे वाढत असते आणि दोन वर्षांच्या शिंगराचे माप पुऱ्या वाढीचे म्हणून खपविणारेही भेटतात.