गुलामगिरीची चिन्हे आणि आपली देवळे

पणजीच्या जुन्या वास्तूंचा विषय निघाला की आपल्या समाजात एक वाक्य हमखास ऐकू येते : “ही गुलामगिरीची चिन्हे, ती गेली तर आपले काय जाते?” देवळांच्या सभामंडपांतही या वाक्याला माना डोलावल्या जातात. हे वाक्य इतिहासाला धरून नाही आणि धर्मालाही धरून नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम इतिहास पाहू. पणजीस ‘नवे गोवे’ या नावाने शहराचा दर्जा मिळाला तो १८४३ साली. परंतु मांडवीकाठचा जो वाडा १७५९ पासून व्हाइसरॉयांचे निवासस्थान झाला आणि मुक्तीनंतर ज्यात २००० सालापर्यंत आपली विधानसभा भरत असे, तो मूळचा आदिलशहाचा. धनी बदलत गेले. वाडा अखेर प्रजेचा झाला. फोंताइन्हासच्या रंगीत भिंतींचा गिलावा खरवडून पाहा, आत गोव्याचाच जांभा चिरा आहे. तिसवाडीतील देवळे १५४० च्या सुमारास पाडली गेली, हे विसरण्याचे कारण नाही. पण त्याच बेटावर, त्याच सत्तेच्या अमलात, एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात श्रीमहालक्ष्मीचे देवालय पणजीत उभे राहिले, हे तरी का विसरावे? ते आपल्या पूर्वजांच्या चिकाटीचे फळ आहे. शहर परक्यांचे म्हणून सोडून दिले, तर ही चिकाटीही त्याबरोबर गेली.

आणि लाभ कोणाचा? गुलामगिरीचे चिन्ह म्हणून पाडलेल्या घराच्या जागी स्वातंत्र्याचे स्मारक उभे राहिल्याचे कोणी पाहिले आहे काय? तेथे सदनिका उभ्या राहतात, आणि विकासकाला आपल्या देशाभिमानाचा आधार फुकट मिळतो.

शहराला वाढ हवी, यात वाद नाही. राहती घरे, रस्ते, सांडपाण्याची सोय यांवाचून कोणतेही शहर जगत नाही. प्रश्न इतकाच की, वाढीची किंमत म्हणून प्रत्येक वेळी स्मृतीच का द्यावी?

आता आपल्याच अंगणात पाहू. कोरीव लाकडी खांब काढून त्या जागी सिमेंटचे खांब, मातीच्या कौलांऐवजी काँक्रीट, जुन्या फरशीवर संगमरवर : हा ‘जीर्णोद्धार’ कोणत्या परकीय सत्तेने आपल्यावर लादला? १९७८ च्या प्राचीन स्मारकांविषयीच्या गोव्याच्या कायद्याचे संरक्षण घोषित वास्तूंनाच मिळते; बाकीची देवळे महाजनांच्या विवेकावर सोपवलेली आहेत. देवस्थानांचा कारभार आजही १९३३ च्या नियमावलीने चालतो आणि तीत महाजनांच्या सभेला स्थान आहे. मग बांधकामाचा नकाशा सभेपुढे का येत नाही? आणि आलाच, तर प्रश्न विचारायला किती महाजन उभे राहतात?

छप्पर गळत असेल तर अवश्य दुरुस्त करावे. भाविक वाढले असतील तर बाजूला नवा मंडप बांधावा. परंतु जुने उतरवण्यापूर्वी त्याची मोजमापे आणि छायाचित्रे घ्यावीत, लाकडाची यादी करावी, जाणत्या शिल्पज्ञाचा अभिप्राय घ्यावा आणि हे सर्व महाजनांपुढे ठेवून मगच निर्णय करावा. देणगीदाराच्या नावाची पाटी मोठी व्हावी, एवढ्यासाठी देवाचे घर मोडण्याचा अधिकार कोणत्याही समितीला नाही.

जे आपले देऊळ जपत नाहीत, त्यांनी पणजीचा वाडा कोणाचा, हे ठरवू नये.