दर्याची सुटी

काही वर्षांपूर्वी, मृग नुकताच बरसून गेला असता, माझ्या वृद्ध आईला घेऊन मी मालवणच्या बंदरावर उतरलो. आम्ही देशावरची माणसे. गुडघ्यांनी जबाब दिल्यामुळे राजगड, तोरणा आईला कायमचे अंतरले होते, आणि ज्या दुर्गासाठी डोंगर चढावा लागत नाही, केवळ होडीत बसावे लागते, त्या सिंधुदुर्गावर जाऊन राजाराम महाराजांनी १६९५ साली उभारलेल्या शिवराजेश्वराच्या मंदिरात शिवछत्रपतींच्या मूर्तीपुढे मस्तक ठेवावे, ही तिची फार दिवसांची मनीषा होती. राहण्याची खोली महिनाभर आधी ठरविली होती, पैसे आगाऊ भरले होते, आणि आम्ही किल्ला पाहण्यासाठी येत आहोत हेही मी आवर्जून सांगितले होते. धक्क्यावर येऊन पाहतो तो होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या, तिकिटाची खिडकी बंद, जवळच्या खानावळींना फळ्या लागलेल्या, आणि समोर, हाकेच्या अंतरावर भासावा असा, कुरटे बेटावरचा तो तट लाटांच्या फेसात उभा.

एका पडवीत जाळे दुरुस्त करीत बसलेल्या वृद्ध गाबिताने आमच्याकडे पाहिले आणि माझ्याशी न बोलता तो आईशीच बोलला : "काकी, ह्या दिसांत दर्यो कोणाचो नसता. चवथ सरली काय येवा, मी तुमका किल्ल्यार न्हेतलंय." त्याने आम्हांला पडवीत बसविले, घरातून ऊन पेज आणि लोणचे आणविले, आणि पाऊस थोडा उघडताच किनाऱ्यावरच्या मोरयाच्या धोंड्यापर्यंत स्वतः सोबत केली. किल्ल्याच्या पायाभरणीच्या वेळी जेथे गणेशपूजन झाले, त्या खडकावरूनच आईने समुद्रापलीकडे हात जोडले.

त्या दिवशी मला दोन गोष्टी निरनिराळ्या दिसल्या. समुद्राने आमच्यावर काहीही अन्याय केला नव्हता. तो त्याच्या नियमाप्रमाणे वागत होता. अन्याय झाला होता तो मौनामुळे : ज्याने आमचे पैसे घेतले त्याला किल्ल्याची वाट बंद आहे हे ठाऊक होते, आणि त्याने ते सांगितले नाही. या दोहोंची गल्लत आपण नेहमी करतो. पाहुणा रागावतो तो बंद दारावर, आणि मग दार बारा महिने उघडे कसे ठेवता येईल याच्या योजना निघू लागतात. माझे मत असे आहे की, या किनाऱ्याला वर्षातील काही काळ बंद राहण्याचा पूर्ण अधिकार आहे आणि 'बारमाही पर्यटना'च्या आग्रहापुढे त्याने तो सोडू नये. मात्र तो बंद वेळेवर आणि स्पष्टपणे जाहीर करणे हे यजमानाचे कर्तव्य आहे, व त्या कर्तव्याची आज हेळसांड होत आहे.

प्रथम समुद्राचा विचार करू. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी, म्हणजे पावसाळा सरून समुद्र निवळल्यावर, मार्गशीर्षात या जलदुर्गाची पायाभरणी झाली आणि १६६७ साली तो पूर्ण झाला. सुमारे ४८ एकरांच्या त्या बेटाभोवती पाण्याखाली खडकांची अशी दाटी आहे की शत्रूच्या गलबतांना ती तटाइतकीच दुर्लंघ्य ठरावी. आणि शत्रूला अडविणारे हे खडक पावसाळ्यात मित्राचीही गय करीत नाहीत. म्हणून मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत किल्ल्याची होडीसेवा बंद असते, आणि तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या मोजक्या कुटुंबांपैकी बहुतेक जण तेवढ्यापुरते मालवणात बिऱ्हाड हलवितात. ११ जुलै २०२५ रोजी महाराष्ट्रातील अकरा आणि तमिळनाडूतील जिंजी अशा बारा किल्ल्यांची जागतिक वारशाच्या यादीत नोंद झाली, त्यांत सिंधुदुर्ग होता. परंतु ज्या दिवसांत साऱ्या जगाने त्याची दखल घेतली त्याच दिवसांत त्याच्या महाद्वाराकडे जाणारी वाट दर्याने मिटून घेतली होती. त्यामुळे त्या गौरवात काही उणे आले असे मला वाटत नाही.

हीच गोष्ट मासेमारीची. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना समुद्रात जाण्यास शासनाची मनाई आहे, कारण हा काळ माशांच्या प्रजननाचा, आणि खवळलेल्या पाण्यात माणसांच्या जिवालाही धोक्याचा. कायदा अलीकडचा असला तरी त्यामागील शहाणपण जुने आहे. आगोट जवळ आली की सुकी मासळी, मीठ, जळण यांची बेगमी करायची, होड्या शाकारायच्या, जाळी विणायची, आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करूनच पुन्हा त्याच्या अंगावर जायचे, हा क्रम कोणत्याही फर्मानाची वाट न पाहता येथील दर्यावर्दी पाळीत आले आहेत. जुलैत ताज्या सुरमईचा हट्ट धरणाऱ्या पाहुण्याने हे ध्यानी घ्यावे की, त्याच्या पानातील आजची सुरमई ही पुढील हंगामातील मासळीवरची उचल असते.

समुद्राप्रमाणे माणसांच्याही सुट्या असतात. चवथीला मुंबईचे चाकरमानी गावी येतात, एरवी कुलूप असलेली घरे उघडतात, आणि घरे उघडली म्हणून दुकाने मिटतात. कारण ज्याने गल्ल्यावर बसायचे तो आरतीला उभा असतो. परंतु या विषयाची परिसीमा पाहायची असेल तर मालवण तालुक्यातील आचरे गावची गावपळण पाहावी. तीन-चार वर्षांनी एकदा, ग्रामदैवत श्री देव रामेश्वराचा कौल घेऊन, सबंध गाव गुरेढोरे, कोंबडी-कुत्री यांच्यासह वेशीबाहेर जातो. बाजारपेठ बंद होते, चुली विझतात, आणि तीन दिवस, तीन रात्री गाव निर्मनुष्य राहतो. हिंदू जातात तसे मुसलमानही जातात; श्रीमंत आणि गरीब सारख्याच झोपड्यांतून राहतात; रात्री भजने होतात, फुगड्या रंगतात. चौथ्या दिवशी पुन्हा कौल होतो आणि मगच घरे उघडली जातात. कोणी या प्रथेचा संबंध भुताखेतांशी जोडतो, कोणी रोगराईशी, कोणी भूमीला विसावा देण्याशी. कारण काहीही असो, ज्या समाजाला आपले सर्व व्यवहार तीन दिवस थांबवूनही भय वाटत नाही, त्या समाजाची परस्परांवरील श्रद्धा किती दृढ असली पाहिजे, याचे हे मला सर्वांत मोठे प्रमाण वाटते.

किनाऱ्याच्या अशा बंद राहण्यावर जो आक्षेप घेतला जातो तो क्षुल्लक नाही. १९९७ साली हा सिंधुदुर्ग जिल्हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, १९९८ साली कोकण रेल्वेचा मार्ग पूर्ण झाला, २०२१ साली चिपीचा विमानतळ उघडला. या भरवशावर अनेकांनी कर्जे काढून निवासगृहे बांधली, आणि कर्जाचा हप्ता पावसाळ्याची सुटी पाळीत नाही. होडीवाल्याला, खानावळीत राबणाऱ्या बाईला, रिक्षावाल्याला तीन महिने काय खावे हा प्रश्न खराखुरा आहे. पण त्याचे उत्तर मिटलेली वाट बळेच उघडण्यात नाही. पावसाळ्यात जे उघडे असते ते पुष्कळ आहे : आंबोलीचे धबधबे, भातलावणीची खाचरे, घरगुती जेवण, कौलांवर रात्रभर वाजणारा पाऊस. ते खऱ्या नावाने आणि योग्य मोलाने पाहुण्यापुढे ठेवावे. किल्ल्याचे आणि सागरी सफरींचे चित्र दाखवून जून-जुलैच्या खोल्या भरू नयेत. आणि ज्यांची रोजी सर्वस्वी समुद्रावर अवलंबून आहे त्यांना बंदीच्या काळात पुरेसे साहाय्य देणे, हे त्या बंदीचा लाभ घेणाऱ्या सबंध समाजाचे देणे आहे.

बंद राहून पर्यटन बुडते, या समजुतीला बालीचे बेट हे चोख उत्तर आहे. तेथील हिंदू समाज आपल्या नववर्षदिनी 'न्येपी' नावाचे मौन पाळतो. त्या दिवशी दिवे मंद केले जातात, रस्ते ओस पडतात, आणि जगातील अत्यंत गजबजलेल्या पर्यटनस्थळांपैकी एक असूनही त्या बेटाचा विमानतळ चोवीस तास बंद राहतो. पाहुण्यांनाही निवासगृहाबाहेर पडता येत नाही. तरीही लोक तेथे जातात, कित्येक तर मुद्दाम त्या दिवसासाठी जातात. कारण तो दिवस सर्वांना आधीपासून ठाऊक असतो आणि त्याबद्दल कोणी ओशाळत नाही.

आपल्याकडे याहून अवघड असे काहीच करायचे नाही. होडीसेवेचा काळ, मासेमारीबंदी, चवथ, मोठ्या जत्रा, आणि कौल मिळताच गावपळणीच्या तारखा, यांचे एक पंचांग जिल्ह्याने दरवर्षी प्रसिद्ध करावे. ते रेल्वेस्थानकांवर, बसस्थानकांवर आणि विमानतळावर लावावे. आणि आगाऊ रक्कम घेण्यापूर्वी त्या तारखांना काय बंद असेल हे सांगणे प्रत्येक निवासगृहाला बंधनकारक करावे. 'येवा, कोकण आपलाच आसा' हे आमंत्रण खरेच मनापासूनचे असेल तर कधी यावे आणि कधी येऊ नये हे सांगणे हा त्या आमंत्रणाचाच भाग होय. आपल्या माणसाला आपण इतके तरी सांगतोच.

पुढच्या वर्षी मार्गशीर्षात मी आईला पुन्हा मालवणला नेले. त्या वृद्ध गाबिताने दिलेला शब्द पाळला. समुद्र निवांत होता, होडी महाद्वारापाशी लागली, आणि आईने शिवराजेश्वरापुढे मस्तक ठेवले. त्या प्रवासाच्या तयारीत मी गाडीच्या वेळा आणि खोलीचे दर पाहत बसलो असताना तिने मला थांबविले होते. "ते सगळे नंतर," ती म्हणाली, "दर्या उघडला आहे ना, ते आधी विचार."