काट्यावर न दिसणारा फायदा

‘महिन्यात दहा किलो कमी करा’ अशी जाहिरात करणारे एक गोष्ट सांगत नाहीत: नुसत्या व्यायामाने वजन फारसे उतरत नाही. अर्धा तास झपझप चालून साधारण १५० कॅलरी खर्च होतात. एक वडापाव त्याच्या जवळपास दुप्पट भर घालतो. वजन उतरवायचे तर बदल ताटातच हवा: साखर-तेल कमी, उसळ-भाजी जास्त. मग घाम गाळायचा कशाला? मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या भारतीयांचा एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात आहारातला बदल आणि नियमित चालणे यांमुळे तीन वर्षांत मधुमेहाचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी घटला, आणि तोही वजनात लक्षणीय घट न होता.

वजनाची आशा दाखवली नाही तर लोक चालणारच नाहीत, असा आक्षेप येईल. पण खोट्या आशेपोटीच माणसे जानेवारीत जिमची वर्षभराची फी भरतात आणि काटा हलेना की मार्चमध्ये पाठ फिरवतात. मग लठ्ठपणाकडे काणाडोळा करायचा का? मुळीच नाही. पोटाची चरबी घातकच. भारतीय पुरुषांची कंबर ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी. मात्र पाच-सात टक्के वजन उतरले तरी रक्तातली साखर आणि रक्तदाब सुधारतो. आठवड्याला किमान १५० मिनिटे चालणे, दोन दिवस स्नायूंचा व्यायाम आणि आवरते ताट, एवढाच प्रामाणिक सल्ला. तो विकायला अवघड आहे, पण वर्षानुवर्षे पाळता येतो.