शंख कोणत्या खाडीचा?

गेल्या हिवाळ्यात बीड शहरातील एका छोट्या रसशाळेत शंखशोधनाची तयारी चालली असता आम्ही तेथे उपस्थित होतो. पोते परातीत रिकामे झाले. त्यातील एक मोठा शंख उलटा करून आपटताच त्याच्या वेटोळ्यातून वाळलेल्या काळ्या गाळाची खपली बाहेर पडली. हा माल कुठला, असे आम्ही सहज विचारले. बिलावर व्यापाऱ्याचे नाव होते, वजन होते, भाव होता. समुद्राचा पत्ता मात्र नव्हता. आपला जिल्हा किनाऱ्यापासून सुमारे तीनशे किलोमीटर आत. समुद्र आपल्याला भेटतो तो पोत्यातूनच, आणि म्हणून त्याची चौकशी करण्याची सवय आपणांस लागलेली नाही.

त्या काळ्या खपलीकडे अधिक गांभीर्याने पाहावयास हवे. कारखान्यांच्या सांडपाण्यातून येणारे शिसे, पारा, कॅडमियम हे जड धातू पाण्यात फार काळ मोकळे राहत नाहीत. ते चिकणमातीच्या सूक्ष्म कणांना आणि कुजणाऱ्या सेंद्रिय द्रव्याला चिकटतात. नदीचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यात मिसळते तेथे हे कण एकमेकांना धरून जड होतात व तळाशी बसतात. नदीमुखाचा गाळ म्हणजे वरच्या साऱ्या खोऱ्याची खातेवहीच होय. पूर आला, किंवा यंत्रांनी गाळ उपसला, की जुनी बाकी पुन्हा पाण्यात उतरते.

आपल्या राज्यातील ठळक उदाहरण ठाण्याची खाडी व उल्हास नदीचे मुख यांचे आहे. अंबरनाथ, कल्याण, डोंबिवली आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातील रासायनिक उद्योगांचे पाणी दशकानुदशके येथे उतरले. पाऱ्याचे घट वापरून कॉस्टिक सोडा बनविणारे कारखानेही त्यांत होते. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ठाणे खाडीतील पाऱ्यासंबंधीचा शोधनिबंध १९८१ सालीच प्रसिद्ध केला. पाऱ्याचे घट पुढे मागे पडले, पण गाळात उतरलेला पारा कोणी परत नेला नाही. २०२२ साली ही खाडी रामसर पाणथळ म्हणून घोषित झाली, याचा आनंदच आहे. परंतु रोहित पक्षी उतरले म्हणून तळ निर्मळ ठरत नाही. जपानमधील मिनामाता येथे १९५६ साली जो व्याधी उघडकीस आला, तोही उपसागरात सोडलेल्या पाऱ्याचा आणि तेथील मासे-शिंपले खाण्याचाच परिणाम होता.

येथे काही वैद्यबंधू म्हणतील की आपला शंख ठाण्याचा नसून मन्नारच्या आखातातला असतो. बहुधा तसेच असावे. आमचा आक्षेप त्या 'बहुधा'लाच आहे. शंखाचे एकवेळ सांगता येईल, पण मुक्ताशुक्ति म्हणून बाजारात येणारे शिंपले कोणत्या किनाऱ्यावर वेचले गेले, हे किती रसशाळांना ठाऊक आहे?

भीती पसरविणे हा आमचा हेतू नाही. शिंपल्यातील प्राण्याच्या मांसात जितके धातू साचतात, त्या मानाने कवचात सामान्यतः बरेच कमी असतात. परंतु शिसे हे रासायनिक वर्तनात कॅल्शियमसारखे असल्याने कवच घडताना त्यात शिरते. अमेरिकेत १९९३ साली कॅल्शियमच्या पूरक गोळ्यांची तपासणी प्रसिद्ध झाली, तेव्हा शिंपल्यांपासून केलेल्या काही गोळ्यांत शिसे लक्षणीय आढळले होते. प्रवाळपंचामृत, कामदुधा, शंखवटी हे कल्प आपण गर्भिणीला आणि बालकांनाही देतो. शिशाचा सर्वाधिक अपाय व्हावा असे रुग्ण नेमके हेच.

'पुट दिल्यावर सर्व दोष जळून जातात' हा समज आम्ही अनेक रसशाळांत ऐकला आहे. वनस्पतीचे विष जळेल. धातू हे मूलद्रव्य आहे, ते जळून नाहीसे होत नाही. पारा उष्णतेने वाफ होऊन जातो, पण तो भट्टीपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या श्वासात जातो. शिशाचा बराचसा भाग मागेच राहतो. उलट शंख हा मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट असल्याने पूर्ण भाजणीत त्यातील कर्बद्विप्राणिद वायू निघून जातो आणि १०० ग्रॅमचे ५६ ग्रॅम उरतात. वजन घटले, शिसे तेवढेच राहिले. कच्च्या शंखात दशलक्षात १० भाग असलेले शिसे भस्मात दशलक्षात सुमारे १८ भाग होऊ शकते. कच्चा माल मर्यादेत आणि तयार औषध मर्यादेबाहेर, असे घडणे शक्य आहे.

या ठिकाणी पूर्वाचार्यांच्या शोधनविधीचे मोल कळते. कांजी किंवा जंबीररसात दोलायंत्राने स्वेदन केले की आम्लाने कवचाचा वरचा थर विरघळतो व त्यावर बसलेला मळ सुटतो. मात्र वेटोळ्यातील गाळ आधी न काढता, अथवा शंख न फोडता स्वेदन केले, तर आम्ल आतपर्यंत नीट पोहोचत नाही. तीच कांजी पुढच्या घाण्याला वापरणे तर अधिकच चुकीचे. काटकसरीपायी हे होते, हे आपणांस ठाऊक आहे.

डिसेंबर २००४ मध्ये बोस्टन परिसरातून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये जड धातू आढळल्याचे अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकाने प्रसिद्ध केले, आणि आपल्यात संतापाची लाट उसळली. त्यानंतर केंद्र शासनाने १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या वनस्पतिजन्य औषधांना धातुतपासणी बंधनकारक केली. मर्यादा अशा: दशलक्षात शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १, कॅडमियम ०.३. शंख-शुक्ति ना वनस्पती, ना धातू. त्या आदेशाच्या रोखातून सुधावर्ग निसटला, आणि आपणही तो प्रश्न स्वतःहून हाती घेतला नाही.

सुश्रुतसंहितेच्या भूमिप्रविभागीय अध्यायात औषधी कोणत्या भूमीतून घ्यावी याचा विचार आहे. स्मशान, वारूळ, वधस्थान येथील भूमी वर्ज्य सांगितली आहे. वनस्पतीला लावलेली ही कसोटी समुद्रज द्रव्याला लावण्यास शास्त्राची आडकाठी नाही. रसशाळेच्या नोंदवहीत प्रत्येक पोत्यापुढे किनाऱ्याचे नाव असावे, आणि ते न सांगणाऱ्या व्यापाऱ्याचा माल परत जावा. प्रत्येक लहान रसशाळेला प्रयोगशाळेचा खर्च झेपणार नाही हे खरे; पण जिल्ह्यातील पाच-सहा रसशाळांनी एकत्र खरेदी करून एकच नमुना तपासून घेतला तर तो सहज झेपेल. तपासणी कच्च्या मालाची आणि भस्माचीही व्हावी. वैद्यांनी मागणीपत्रावर या अहवालाची प्रत मागावी; गिऱ्हाइकाने विचारल्याखेरीज बाजार बदलत नाही.

राहता राहिली ती वापरलेली कांजी. त्या दिवशी शोधन आटोपल्यावर ती अंगणातील मोरीत ओतली गेली. मोरीचे पाणी बिंदुसरेला, बिंदुसरा सिंदफणेला, आणि सिंदफणा मंजरथला गोदावरीला मिळते. वाटेतील धरणे पुष्कळसा गाळ अडवतात, तरी अखेर गोदावरीचेही एक मुख आहे आणि तेथेही शिंपले वेचले जातात. ती कांजी मोरीत न ओतता चुन्याने उदासीन करावी, खाली बसलेला साका सुकवून वेगळा ठेवावा आणि घातक कचऱ्याबरोबर द्यावा, असे आम्ही त्या मालकांना सुचविले. त्यांनी दुसऱ्याच घाण्यापासून एक पिंप बाजूला ठेवले आहे.